क्षयाचा जंतू आणि अर्धपोटी घर

क्षय जंतूमुळे होतो, तेव्हा जंतू मारणारे औषध दिले की काम संपले, ही समजूत रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली हा जंतू दाखवून दिल्यापासून रुजली असली, तरी ती अर्धीच खरी आहे. कारण ज्यांच्या शरीरात हा जंतू शिरतो, त्यांच्यापैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो आणि इतरांची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. ही शक्ती कोणाची खचते, हे मधुमेह, एचआयव्ही आणि तंबाखू यांच्याइतकेच ताटावरही ठरते. झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॅशन्स’ चाचणीत रुग्णाच्या घरातील माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा असा शिधा न मिळालेल्या घरांच्या तुलनेत त्यांच्यात क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. आहार, निवारा, मजुरी अशा ज्या परिस्थितीवर आरोग्य ठरते, तिला ‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ म्हणतात. हा शब्द कितीही जड वाटला, तरी त्याचा अर्थ त्या दीड किलो डाळीत सामावलेला आहे.

एकाच घरात दोघा-तिघांना क्षय झाला की तो आनुवंशिक मानला जातो. वास्तविक ती माणसे एकाच कोंदट खोलीतला श्वास वाटून घेत असतात. झोपडी जाऊन पक्के घर मिळाले की हा धोका टळतो, असेही नाही. मुंबईत गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि तेथील पाहणीत अपुरा उजेड व वारा यांचा क्षयाशी संबंध दिसून आला.

सरकारी औषध मोफत असताना रुग्ण ते अर्ध्यावर सोडतो, याचा दोष निष्काळजीपणाला देणे तर सरळ अन्यायाचे आहे. उपचार किमान सहा महिने चालतात, मात्र ताप आणि खोकला काही आठवड्यांतच ओसरतो; अशा वेळी हातावर पोट असलेला माणूस केंद्रावर खेप घालून दिवसाची मजुरी बुडवण्याऐवजी कामावर जातो. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारी सरकारच्या निक्षय पोषण योजनेची २०१८ पासूनची दरमहा ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली, हे योग्यच झाले. परंतु क्षयावरचा एकूण खर्च कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक झाल्यास जागतिक आरोग्य संघटना त्याला घर बुडवणारा खर्च मानते, आणि त्या हिशेबात प्रवासभाड्याबरोबर बुडालेली मजुरीही धरलेली असते.