शिलालेखाशेजारची अक्षरे

डिचोली तालुक्यातल्या नार्वे इथल्या सप्तकोटेश्वराच्या देवळात, प्रवेशद्वारापाशी एक शिलालेख आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार करवला, त्याची ती नोंद. समजा, पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा आरपार काचेचा चष्मा आहे आणि लेखाचा अर्थ त्याला तिथेच वाचायला मिळावा अशी आपली इच्छा आहे. मग ती अक्षरे मांडायची कशी?

मोबाइलच्या सवयीने आपण ती काचेच्या कोपऱ्यात चिकटवू. पण मान वळेल तिकडे मजकूर फरफटत येतो आणि थोड्याच वेळात नको होतो. अक्षरे भिंतीलाच बांधली पाहिजेत, म्हणजे माणूस सरकला तरी ती जागची हलणार नाहीत. त्यासाठी चष्म्याचे कॅमेरे सभोवतालच्या बारीक खुणा टिपून आपली जागा सतत मोजत असतात. गोव्याचा छिद्राछिद्रांचा चिरा या कामी फार उपयोगी, कारण त्यावर हव्या तेवढ्या खुणा सापडतात. गुळगुळीत पांढऱ्या गिलाव्यावर मात्र कॅमेरा चाचपडतो आणि हरवळ्याच्या गुहांसारख्या अंधाऱ्या जागी तर अधिकच.

आता अंतर. होलोलेन्ससारख्या चष्म्यात प्रतिमेचा केंद्रबिंदू सुमारे २ मीटरवर पक्का केलेला असतो. अक्षरे नाकासमोर ३० सेंटिमीटरवर दाखवली, तर दोन्ही बुबुळे आत वळतात, पण डोळ्याचे भिंग २ मीटरवरच जुळलेले राहते. या ओढाताणीने डोके दुखते. म्हणून मजकूर दीड-दोन मीटरवर, लेखाच्या बाजूला ठेवावा. लेखावर मुळीच नको. ज्यासाठी माणूस आला तेच झाकले जाईल.

अक्षर किती मोठे? २ मीटरवरून ०.४ अंशाचा कोन म्हणजे साधारण १४ मिलिमीटर उंची. रोमन लिपीला तेवढे कसेबसे पुरते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, शिवाय ‘ष्ट्र’सारखी एकावर एक चढलेली जोडाक्षरे. मी २० मिलिमीटरपासून सुरुवात करीन, ओळींत मोकळी जागा ठेवीन आणि एका वेळी तीन-चार ओळींहून जास्त दाखवणार नाही.

खरी परीक्षा उन्हाची. असा चष्मा प्रकाश फक्त वाढवू शकतो, अडवू शकत नाही. त्यामुळे त्यात काळा रंग म्हणजे पारदर्शक. काळ्या अक्षरांचा आराखडा संगणकावर देखणा दिसतो आणि चष्म्यात नाहीसा होतो. पेडण्यात मोपाच्या सड्यावर मेमधल्या दुपारी उभे राहा: तिथल्या उजेडापुढे चष्म्याची पांढरी अक्षरेही फिकी पडतात. गडद काचेचे आवरण लावता येते, पण सावलीत शिरताच तेच आड येते. म्हणून वाचण्याची जागा मुळातच छपराखाली निवडावी आणि बाहेर अंगणात मजकुराऐवजी आवाज द्यावा. तोही हळू, कारण शेजारी कोणी जप करत असेल.

राहिली निवड. नजर पडली की उघड, असे केले तर भस्मासुराच्या हातासारखी गत होते: जिथे पाहावे तिथे काहीतरी उसळते. डोळे नुसतेच भिरभिरतात, त्यांना दर वेळी काही हवे असते असे नाही. म्हणून नजरेने नेम धरायचा आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीने होकार द्यायचा, ही पद्धत बरी. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या अ‍ॅपलच्या व्हिजन प्रोमध्ये तीच आहे. चिमूट कमरेपाशी घेतलेली ओळखता आली पाहिजे, कारण हवेत धरलेला हात मिनिटाभरात भरून येतो.

आणि जोडलेल्या हातांना कोणतीही आज्ञा देऊ नये. देवळात माणूस हात जोडणारच. ते जुळलेले दिसले की पाटी आपोआप मिटावी आणि दर्शन घेऊन तो मागे वळेपर्यंत मिटलेलीच राहावी.