डोक्यातली कामं वहीत उतरवू या

इशाच्या नमाजला उभे राहिलो की नेमकं आठवतं: मुलीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म राहिला, अम्मीच्या गोळ्या संपत आल्या, मेहुण्याचे उसने पाच हजार द्यायचेत. मग इमान कमजोर झालं म्हणून आपण स्वतःलाच बोल लावतो. पण यात मेंदूच्या सवयीचाही वाटा आहे. अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये मांडलं. 2011 मध्ये मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या संशोधकांना दिसलं, की काम कधी आणि कसं करायचं एवढं पक्कं ठरवलं, तरी मनातली टोचणी कमी होते.

म्हणून एक वही करा. मोबाइलही चालेल, पण तो हातात घेतला की आपण आधी व्हॉट्सअॅप उघडतो! नुसतं ‘स्कॉलरशिप’ लिहून भागत नाही. ‘सोमवारी शाळेतून बोनाफाईड आणायचं’ असं पुढचं एकच पाऊल लिहा, वारासकट. उत्पन्नाच्या दाखल्याचं नंतर बघू.

उसनवारीला मात्र वेगळं पान हवंच. कुरआनातली सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, 282) कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. तरी घरच्यांत आपण लाजतो. ‘भावावर विश्वास नाही का?’ म्हणतो, आणि दोन वर्षांनी रकमेवरूनच बोलणं बंद होतं. रक्कम, तारीख, परतीची मुदत लिहा, सह्या घ्या, साक्षीदार ठेवा. दर जुम्म्याला दहा मिनिटं वही उघडा आणि झालेलं खोडा.