डब्यातला मासा, मोहरीचा ठसका

मासे खाणाऱ्या घरात रविवार उगवतो तो पिशवी घेऊनच. कल्ला उघडून लाल आहे ना ते बघायचं, बोटानं दाबून मासा घट्ट आहे ना ते बघायचं, कोळणीशी भावावरून दोन शब्द व्हायचे आणि ‘नेहमीचं गिऱ्हाईक’ म्हणून तिनं वर मूठभर मांदेली टाकायची. हा सोहळा झाल्याशिवाय कालवणाला चव येत नाही, अशी आपली पक्की समजूत. अशा घरात डब्यातल्या माशाचं नाव काढून बघा. आजी नाक मुरडते, आई ‘आजारी माणसाचं खाणं’ म्हणते आणि वडील वर्तमानपत्राआडून हसतात.

पण वाचकहो, आज मी त्या डब्याची बाजू घेणार आहे. तीही बंगाली पद्धतीनं.

हे बंगाली प्रकरण कांजूरमार्गात कुठून आलं, असं विचाराल. मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्यामध्ये आमचं स्टेशन. पूर्वेला द्रुतगती मार्ग ओलांडला की मिठागरं, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि पुढे चढत गेलं की पवई. १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी, नौदलाच्या मुलकी कर्मचाऱ्यांची वसाहत आणि शास्त्री मार्गावर एकेकाळी ओळीनं उभे असलेले कारखाने, यांनी देशभरातून माणसं इथं आणली. कितीतरी कारखान्यांच्या जागी आता टॉवर आले, पण माणसं राहिली. म्हणून आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर सुकटीचा, दुसऱ्यावर हिंगाच्या फोडणीचा आणि तिसऱ्यावर कडकडीत तापलेल्या मोहरीच्या तेलाचा वास येतो. तो तिसरा मजला माशीमांचा. माशीमा म्हणजे मावशी. त्या मला ‘मा’ म्हणतात. बंगालीत लेकीलाही लाडानं ‘मा’च म्हणतात.

बंगाली माणूस घर सोडून निघाला की त्याचा मासा मागे राहतो. त्यांचा लाडका इलिश आणि मुलुंडच्या सिंधी कॉलनीतल्या जुन्या माणसांच्या आठवणीतला पल्लो, हा मुळात एकच मासा. एक पद्मेचा, दुसरा सिंधूचा. फाळणीनं दोन्ही नद्या हद्दीपलीकडे राहिल्या. बांगलादेशानं २०१२ साली इलिशच्या निर्यातीवर बंदी घातली आणि २०१९ पासून दुर्गापूजेच्या सुमारास थोडा मासा भारतात यायला लागला, तेव्हा त्याची बातमी झाली. इतकी ज्याची ओढ, तो नाही मिळाला तर माणसं काय करतात? हाताला लागेल त्या माशाला आपली चव देतात. विलायतेत, अमेरिकेत गेलेल्या बंगाल्यांनी दुकानातले तारलीचे, बांगड्याचे डबे उघडले आणि त्यात मोहरी वाटून घातली.

यात आपण नाक मुरडण्यासारखं काही नाही. कोकणात पावसाच्या आधी आगोटीची बेगमी होते. सुके बोंबील, सोडे, सुकट, खारा बांगडा डब्यांत भरून ठेवला जातो, कारण जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागतात आणि ताजा मासा दुर्मीळ होतो. आपण मासा उन्हात वाळवून टिकवला, दुसऱ्यांनी तो पत्र्यात शिजवून टिकवला, एवढाच फरक.

पत्र्याच्या डब्याचा जन्म लढाईच्या धामधुमीतला. सैन्यासाठी अन्न टिकवण्याच्या खटपटीत निकोलस आपेर या फ्रेंच हलवायानं काचेच्या बाटल्या घट्ट बंद करून त्या पाण्यात उकळण्याची रीत काढली आणि १८१० साली फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळवलं. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँड यानं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे डबा उघडायचं हत्यार यायला पुढे जवळजवळ अर्धं शतक लागलं. तोवर छिन्नी आणि हातोडी! आणि अन्न का टिकतं, हे पाश्चरनं जंतूंचं कोडं सोडवेपर्यंत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

आज मासा डब्यात भरून, हवाबंद करून साधारण ११५ ते १२१ अंश सेल्सिअसला शिजवतात. स्वयंपाकिणीच्या दृष्टीनं यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, मासा पूर्ण शिजलेला असतो, तो पुन्हा शिजवायचा नाही, फक्त गरम करायचा. दुसरी, तारलीसारख्या माशाचे काटे इतके मऊ होतात की ते चावून खाता येतात आणि त्यातलं कॅल्शियमही पोटात जातं. तिसरी, डबा फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला असेल तर किमतीकडे न बघता फेकून द्यायचा. त्यात जीवघेणं विष तयार झालेलं असू शकतं आणि ते वासावरून कळेलच असं नाही. उघडलेला मासा उरला तर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि एक-दोन दिवसांत संपवावा.

आता खरी गोष्ट. माझी मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली होती. वरण-भात, पोहे, खिचडी एवढ्यावर तिची विद्या संपत होती. मासे तर हवेत, पण साफ कोण करणार? तेव्हा माशीमाच म्हणाल्या, “डबा घेऊन ये. वीस मिनिटांचं काम आहे. मी शिकवते.”

ती शिकवणी मी इथं उतरवते. चार माणसांसाठी तारलीचे किंवा बांगड्याचे दीडशे-दोनशे ग्रॅमचे दोन डबे. टोमॅटोच्या रसातले नकोत, तेलातले किंवा मिठाच्या पाण्यातले घ्यावेत. आधी दोन चमचे मोहरी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजत घालायची. एक चमचा काळी, एक पिवळी असेल तर उत्तम. ती तीन-चार हिरव्या मिरच्या आणि चिमूटभर मिठाबरोबर वाटायची. मीठ-मिरचीबरोबर वाटली की मोहरी कडू होत नाही, असं माशीमांचं सांगणं. आपल्याकडे लोणच्याला मोहरी फेसतात ना, तीच जात. मोहरीचा तिखटपणा अख्ख्या दाण्यात नसतोच. दाणा फुटून पाणी लागलं की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तेव्हा तो ठसका तयार होतो. म्हणूनच फेसताना ती नाकात चढते. आणि म्हणूनच ती फार वेळ शिजवायची नाही, नाहीतर ठसका उडून जातो आणि कडूपणा तेवढा मागे राहतो.

दोन मध्यम बटाटे बोटाएवढे लांब, पातळ चिरायचे. कढईत तीन चमचे मोहरीचं तेल चांगलं तापवायचं, धूर निघेपर्यंत, मग आच कमी करायची. त्यात अर्धा चमचा कलौंजी. बंगाली माणसं तिला ‘कालो जीरे’ म्हणतात, पण म्हणून आपलं शहाजिरं घालू नये. दोन उभ्या चिरलेल्या मिरच्या, मग बटाटे, अर्धा चमचा हळद. बटाट्याच्या कडा लालसर झाल्या की एक चिरलेला टोमॅटो, दीड वाटी गरम पाणी आणि वर झाकण. बटाटा मऊ झाला की वाटलेली मोहरी अर्धी वाटी पाण्यात कालवून ओतायची. एक उकळी आली की मासे अलगद सोडायचे आणि तिथून पुढे कालथा हातात घ्यायचा नाही, कढईच हलवायची. दोन मिनिटांत गॅस बंद. वर कच्च्या मोहरीच्या तेलाचे चार थेंब आणि कोथिंबीर. याला म्हणायचं ‘झाल’. पातळ रश्शाचा तो ‘झोल’, मोहरीच्या तिखटाचा तो ‘झाल’. बरोबर गरम भात, दुसरं काही नको.

(परदेशी जाणाऱ्यांसाठी जाता जाता: अमेरिकेत मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर ‘फक्त बाह्य उपयोगासाठी’ असं छापलेलं असतं, कारण त्यातल्या इरुसिक आम्लामुळे तिथं ते खाद्यतेल म्हणून विकायला परवानगी नाही. तिथं साधं तेल वापरावं; वाटलेली मोहरी बरीचशी उणीव भरून काढते.)

वाटलेली मोहरी पडली, मासे सोडले आणि मुलीनं साधा प्रश्न विचारला. “दीदा, मीठ बरोबर झालंय का? डब्यात आधीच मीठ असतं. आणि मी हे कधी खाल्लंच नाही, तर मला कसं कळणार? तुम्हीच चाखून सांगा ना.”

माशीमांचे यजमान जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्या दिवसापासून त्यांनी मासा तोंडात घातला नव्हता. मुलगा बंगळूरला जाईपर्यंत त्याच्यासाठी त्या रोज मासा करत, पण वासावर. मीठ अंदाजानं, तिखट अंदाजानं. कुणी त्यांना मनाई केली नव्हती. मुलानं तर चार वेळा विनवलं होतं. पण त्यांच्या आईनं खाल्ला नव्हता, सासूनं खाल्ला नव्हता. माझ्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी ओट्यावर सांडलेलं पाणी पुसत राहिले.

माशीमांनी गॅस बारीक केला. पळीतला रस तळहातावर घेतला. थोडा वेळ तसाच धरला. मग चाखला.

“मीठ ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “मिरची अजून एक पाहिजे होती.”

एवढंच. पुढच्या महिन्यात मी सामान आणायला निघाले तेव्हा त्यांनी जिन्यातून हाक मारली, “मा, तो माशाचा डबा मिळाला तर आण. छोटे दोन.” कुणासाठी ते मी विचारलं नाही.

बंगालच्या वरच्या जातींत विधवेला मासा वर्ज्य, मसूर वर्ज्य, कांदा-लसूण वर्ज्य आणि एकादशी निर्जळी. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीनं १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला; पण कायद्याचा हात ताटापर्यंत पोचला नाही. त्या निर्बंधांतून बंगाली विधवांनी शुक्तो, मोचार घोंटो असा शाकाहारी स्वयंपाक इतका चविष्ट केला की आज त्याची वाहवा होते. वाहवा करताना तो कशातून आला, हे मात्र विसरायचं नसतं.

आपण त्यांच्याकडे बोट दाखवू नये. आपल्याकडे केशवपन होतं, आलवण होतं, एकभुक्त राहणं होतं. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव करावा लागला. राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण स्वयंपाकघरात ठराव चालत नाही. तिथं बाई आणि कढई, दोघीच असतात.

आणि विधवाच कशाला? नवरा परगावी, मुलं परदेशी, अशी एकटी बाई काय खाते ते बघा. ‘एकटीसाठी कोण करत बसणार?’ हे वाक्य मी किती घरांत ऐकलं असेल! मग सकाळची पोळी, कालची भाजी, फार तर चहात बुडवलेला टोस्ट. आयुष्यभर चाखत-चाखत दुसऱ्यांचं मीठ बरोबर केलेली ही बाई. ताजा मासा एकटीसाठी आणणं कठीण असतं, हे खरंच आहे. पापलेट आणायचं, साफ करायचं, वास काढायचा, उरलं तर काय करायचं? इथं तो छोटा डबा कामाला येतो. एक माणूस, एक डबा, एक बटाटा, वीस मिनिटं. बाजाराला जायला नको, खवले नकोत आणि ‘आज काय विशेष?’ असं विचारणारं कुणी नको.

ताज्या माशाची सर डब्याला येणार नाही, हे मीही मान्य करते. तेव्हा रविवारी कोळणीकडे जरूर जा, कल्ला उघडून बघा, मांदेली वरून मागून घ्या. पण एखाद्या बुधवारी घरात तुम्ही एकट्याच असाल, तेव्हा शिळ्या पोळीचा डबा बाजूला ठेवा. भात लावा, मोहरी वाटा, डबा उघडा. आणि ओट्यापाशी उभ्यानं न खाता ताट वाढून, पाट मांडून बसा. मीठ किती, मिरची किती, हे त्या दिवशी फक्त तुमच्या जिभेला विचारा.