भूल आणि हृदयाची वीज

श्रोतेहो, जिनात बोटे सापडलेल्या एका कामगाराला मी एकदा इस्पितळात नेले. त्याची आई सारखी विनवीत होती, "थोडीच भूल द्या जी, डॉक्टरसाहेब!" भूल थोडी म्हणजे धोका थोडा, असा तिचा हिशेब. मलाही तो पटला. पुढे पुस्तके चाळली तेव्हा कळले की, हा हिशेब नेहमीच बरोबर येत नाही.

हृदयाला वीज बाहेरून घ्यावी लागत नाही. त्याच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो विजेचा सूक्ष्म इशारा देतो. इशारा ठरलेल्या वाटेने खाली उतरतो आणि हृदय आकसते. क्लोरोफॉर्मसारखी हुंगवायची भूल हा इशारा मंदावते.

त्या काळी पैनगंगेपलीकडे निजामाचे राज्य होते. तेथे, हैदराबादेत, डॉ. एडवर्ड लॉरी ठासून सांगत की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणून श्वासावर नजर ठेवली की झाले. १८८९ साली निजामाच्या खर्चाने दुसरा क्लोरोफॉर्म आयोग बसला. त्याने शेकडो कुत्र्यांवर प्रयोग करून लॉरींचीच री ओढली. तरीही भूल पुरती चढण्याआधीच काही रोगी एकाएकी दगावत.

हे कोडे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून उलगडले. भूल हलकी असताना रक्तात अ‍ॅड्रेनलिन उसळले, तर हृदयाचे खालचे कप्पे वरचा इशारा न जुमानता ठोके देऊ लागतात. शेवटी नुसते थरथरतात. आणि अ‍ॅड्रेनलिन तर भीतीने, वेदनेनेही उसळते! मोर्चात जो तो आपल्याच दिशेने ओढू लागला म्हणजे मोर्चा हलत नाही. तसेच येथे रक्त पुढे सरकत नाही.

१९५६ साली वापरात आलेल्या हॅलोथेनमध्येही ही खोड होती. आजच्या सेव्होफ्लुरेनमध्ये ती पुष्कळच कमी आहे. मात्र ते प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ लांबवते. ज्यांच्या घराण्यातच हा वेळ लांबण्याचा दोष आहे, त्यांना म्हणून अधिक जपावे लागते.

तेव्हा मंडळी, "थोडीच द्या" म्हणू नका. भूल देणारा तज्ज्ञ कोण, हृदयाचा आलेख सतत पाहिला जाणार ना, हे विचारा. घरात कोणी अकस्मात बेशुद्ध पडले वा गेले असेल, चालू औषधे असतील, तर आधी सांगा. आणि रोग्याला धीर द्या. जिवाचा प्रश्न आहे. विचारण्यात संकोच कसला?