दृष्टांत त्यांना झाला, वाट तिनं शोधली

दुपारचे अडीच वाजलेले असतात. ओटा पुसून झालेला, मुलं शाळेत, ‘हे’ कचेरीत. पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून आपण आडव्या होतो, आणि नेमका तेव्हाच तो प्रश्न येऊन उशाशी बसतो: हे सगळं झालं, पण माझं काय? माझ्या असण्याचा उपयोग कोणता? मैत्रिणींनो, हा प्रश्न पडला नाही अशी बाई मला तरी अजून भेटायची आहे.

आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींकडे या प्रश्नासाठी एक खास शब्द आहे, ‘पाचारण’. देवानं माणसाला एखाद्या कामासाठी बोलावणं, ते पाचारण. ‘व्हिजन’ला त्यांच्या मराठीत ‘दृष्टांत’ म्हणतात, आणि चर्चच्या लोकसमुदायाला ‘मंडळी’. या शेवटच्या शब्दाची मला मोठी गंमत वाटते. जुन्या वळणाचे पुरुष बायकोचं नाव घ्यायचं टाळून ‘आमची मंडळी’ म्हणत, ती मंडळी आणि ही मंडळी शब्दानं एकच! घरातली मंडळी देवळातल्या मंडळीत कुठं बसते, तिथं तिला स्वतःचं काम सापडतं की नवऱ्याच्या मागून नुसतं चालावं लागतं, हे पाहायचं तर लक्ष्मीबाई टिळकांसारखं उदाहरण नाही.

‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी पुष्कळ जणींनी वाचलं असेल, निदान शाळेच्या पुस्तकात एखादा उतारा तरी. आपण त्यातल्या विनोदाला हसतो आणि पुढं जातो. पण त्या हसण्याखाली एका संसारी बाईचा केवढा पेच आहे ते बघा.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. माहेरच्या गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. नवरा कवी, बुद्धिमान, मनानं उदार. पण पैसा हाती टिकत नाही, नोकरी टिकत नाही आणि लहर लागली की घर सोडून कुठं निघून जाईल याचा नेम नाही. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे पोटात सतत गोळा! शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. जे लिहाय-वाचायला आलं ते लग्नानंतर, नवऱ्याच्या शिकवण्यातून.

टिळक राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्यानं बायबल वाचायला दिलं. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनानं टिळकांच्या मनाचा ठाव घेतला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात न घेता! त्या काळी ब्राह्मण घरात नवरा ख्रिस्ती होणं म्हणजे काय, याची आज आपल्याला कल्पना करणंसुद्धा अवघड आहे. नवरा जिवंत, पण नातेवाइकांच्या लेखी तो गेल्यासारखाच. कडेवर लहानगा दत्तू. जवळजवळ चार वर्षं त्या माऊलीनं नातलगांच्या आश्रयानं काढली.

मला विचाराल तर दृष्टांताच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी इथंच चुकतो. ज्याला प्रकाश दिसला त्याची कथा रंगवून सांगतो. ज्यांच्या घरातला दिवा त्यामुळं विझला त्यांची कुणी विचारपूस करत नाही. टिळकांची तळमळ खरी होती यात मला शंका नाही, पण बायकोला आधी एका शब्दानं सांगायला हवं होतं, हेही तितकंच खरं.

पुढं लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या. नगरला अमेरिकन मिशनमध्ये टिळक शिकवत होते. आता सगळ्यांना वाटलं असेल, आली ना परत, म्हणजे होईल आता ख्रिस्ती. तसं काही झालं नाही. त्या आल्या त्या आपलं सोवळं घेऊन. वेगळी चूल, वेगळं पाणी. नवऱ्याचा संसार स्वीकारला, त्याचा धर्म नाही. मग एकेक गाठ त्यांनी आपल्या हातानं सोडवली. जाती कुणी केल्या, देवानं की माणसानं? देवानं केल्या असत्या तर पशुपक्ष्यांसारखा माणसामाणसांच्या अंगावर काही फरक दिसला नसता का? या विचारानं त्यांनी रात्री काढल्या आणि एक दिवस ठरवलं, आता कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. आधी चुलीवरचा भेद गेला आणि नंतर देवाचा विचार आला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नवऱ्यानंतर तब्बल पाच वर्षांनी.

पुस्तकी माणसं विचार डोक्यात करतात. आपण बायका तो पाण्याच्या माठापाशी करतो, कारण भेदाभेदाची सगळी अंमलबजावणी आपल्याच हातून होत असते ना! कुणाला कुठल्या कपातून चहा द्यायचा, कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातच उभं करायचं, हे आजही घरातली बाईच ठरवते. म्हणून तिनं पालट केला तर घर पालटतं.

बरं, बाप्तिस्मा झाला म्हणजे पाचारण सापडलं का? छे! त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या घरात सुरू झाली ती माणसांची रीघ. दुष्काळातली पोरकी मुलं, कुणी आजारी, कुणी निराधार. टिळक रस्त्यावरून माणूस उचलून आणणार आणि पानावर वाढायचं लक्ष्मीबाईंनी. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले, त्यांच्यावर आईसारखी माया केली ती यांनीच. मंडळीत मोठमोठी व्याख्यानं टिळकांची, आणि घरात पंधरा माणसांचं जेवण यांचं. पण गंमत अशी, की लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातली ही पानं वाचताना कुठंही रडगाणं ऐकू येत नाही. माणसं घरात घेणं हे आपल्याला जमतं, आवडतं, आणि त्यातून कुणाचं तरी भलं होतं, एवढं त्यांना उमगलेलं होतं.

१९१७ साली टिळकांना पुन्हा एक दृष्टांत झाला. मिशनचा पगार सोडायचा आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ भरवायचा. येशूवर प्रेम करणाऱ्यांचं बंधुमंडळ, मग त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला असो की नसो. परदेशी थाटाच्या चर्चला हिंदुस्थानच्या मातीत रुजवावं, हे त्यांचं फार दिवसांचं स्वप्न होतं. कल्पना किती मोठी होती! भजन-कीर्तन, ओवी, अभंग हे सारं त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलं, आणि आजही मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ उघडलं की शंभराहून अधिक गीतं टिळकांची सापडतात. पण पगार सोडला तर महिन्याचा किराणा कुठून यायचा, हा प्रश्न दरबाराच्या दारात कोण घेऊन उभं राहणार? हो, तुम्ही ओळखलंत. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. दरबार पोरका झाला.

आणि इथून, पन्नाशी गाठलेल्या या विधवेची दुसरी कहाणी सुरू होते. टिळकांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ नावाचं ओवीबद्ध काव्य लिहायला घेतलं होतं. थोडे अध्याय झाले आणि ते अपुरं राहिलं. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. ज्या बाईला अक्षर ओळखायला नवऱ्यानं शिकवलं तिनं त्याच्याहून कितीतरी जास्त अध्याय लिहून ते पुरं केलं. दरम्यान पोट भरायचं होतं, मुलाच्या बिऱ्हाडी कराचीला राहायचं होतं, घरच्या जबाबदाऱ्या होत्या. मुलाच्या, म्हणजे देवदत्तांच्या आग्रहानं आठवणी लिहिल्या, त्या १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ म्हणून प्रसिद्ध होऊ लागल्या. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं १९३८ मध्ये, ते पाहायला त्या नव्हत्या.

पंडिता रमाबाई: धर्म आधी, देव नंतर

लक्ष्मीबाईंना चुलीपाशी वाट सापडली, तशी सगळ्यांनाच सापडते असं मात्र समजू नका. पंडिता रमाबाईंचा मार्ग अगदी वेगळा. संस्कृत शास्त्र पाठ असलेली ही विदुषी, पती निवर्तल्यावर लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेली आणि १८८३ साली तिथं ख्रिस्ती झाली. बुद्धीला पटलं म्हणून. पण तिथल्या धर्मगुरूंशी आणि मठातल्या भगिनींशी तिचे खटके उडतच राहिले. अमुक माना, तमुक विचारू नका, हे तिला कसं रुचावं? पुढं बऱ्याच वर्षांनी आपल्या जीवनकथनात त्यांनी कबुली दिली, की सुरुवातीची कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. किती प्रामाणिक बाई! एवढ्या मोठ्या झाल्यावर असं लिहायला छाती लागते.

काम मात्र त्यांनी मनःशांतीची वाट बघत थांबवलं नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं. तिथं शिकलेल्या विधवांपैकीच एक गोदूबाई, ज्यांच्याशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. त्याच सुमाराला सदनात धर्मांतर होतं म्हणून पुण्यात वादळ उठलं आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या बाजूनं आणि विरुद्ध दोन्हीकडून बोलता येईल. आईबापांचा विश्वास हीसुद्धा नाजूक गोष्ट असते. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, टाकलेल्या मुली गाडीत भरभरून आणणारी ही एकटी बाई होती, हे विसरून चालायचं नाही. पुण्याजवळ केडगावच्या माळरानावर ‘मुक्ती’ उभी राहिली. शतक पालटताना तिथं दीड-दोन हजार बायका-मुली राहात होत्या. शेती, गाई-म्हशी, विणकाम, घाणा आणि छापखाना, सगळं बायकांच्या हाती. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवलं. ते खिळे जुळवून छापलं याच मुलींनी. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ मध्ये रमाबाई; बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. मुक्ती मिशन आजही केडगावला चालू आहे.

मूठभर तांदूळ

एवढ्या थोर बायकांच्या गोष्टी ऐकल्या की आपल्याला वाटतं, आपल्याच्यानं काय होणार! म्हणून एक अगदी घरगुती गोष्ट सांगते. मिझोराममध्ये ख्रिस्ती घरांतून १९१० पासून एक रीत आहे. स्वयंपाकाला तांदूळ काढले की गृहिणी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. दर वेळी, न चुकता. मंडळीतल्या बायका घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करतात, विकतात आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. घरातल्या कुणाच्या पानात कमी पडत नाही आणि ज्या बाईच्या हाती एक पैसा नसतो तिलाही देणारी होता येतं. या मुठींवर तिथल्या चर्चचं केवढंतरी काम उभं राहिलं आहे. आपल्याकडे पूर्वी जात्यावर बसताना पसाभर धान्य दारच्या भिक्षेकऱ्यासाठी बाजूला निघायचं, त्याचीच ही नीट बांधलेली बहीण म्हणा ना.

आमच्याकडच्या वसईतही पाहण्यासारखं आहे. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासना लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत होऊ लागली. वर्षानुवर्षं न कळणाऱ्या भाषेत मान डोलावणाऱ्या बायकांना मिस्सा मराठीत ऐकू आली. पुढं १९८८ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. बागायती उजाड करणारी बांधकामं आणि विहिरी उपसून नेणारे पाण्याचे टँकर यांच्या विरुद्ध. घरची विहीर आटली की पहिलं कुणाला कळतं? त्या मोर्च्यांत बायका मोठ्या संख्येनं उतरल्या, आणि फक्त ख्रिस्तीच नव्हे.

अर्थात सगळं गोड नाही. आमच्या ओळखीतल्या ख्रिस्ती मैत्रिणी सांगतात, की महिला मंडळाकडं हमखास येतात ती कामं म्हणजे वेदीची फुलं, नाताळचा फराळ आणि सभेचा चहा. पैशाचा हिशेब आणि निर्णय पुरुषांच्या कमिटीत. हे फक्त चर्चचं दुखणं नाही हो, गणेशोत्सव मंडळात तरी वेगळं काय आहे? पण मग महिला मंडळाच्या सभेत प्रार्थना आणि चहा यांच्यामध्ये एक प्रश्न विचारायला हरकत नाही: आपल्या मंडळीत या महिन्यात कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची मुलगी माहेरी परत आली आहे, कुणाच्या म्हाताऱ्या सासूला वाचून दाखवायला माणूस हवं आहे? ही यादी पुरुषांच्या कमिटीपाशी कधीच नसते. तुमच्यापाशी असते. एकीनं वहीत लिहून घ्यावं, दोघींनी जाऊन यावं, पुढच्या सभेत काय झालं ते सांगावं. वहीला जितकं वजन येईल तितकं तुमच्या शब्दालाही येईल, आणि मग हिशेबाचं पुस्तकही दाखवा म्हणायला तोंड उघडेल.

स्वतःचं काम कोणतं हे कळत नसेल तर आठवून पाहा, लोक तुमच्याकडं कशासाठी येतात? कुणी औषधाच्या सल्ल्याला, कुणी मुलांचा अभ्यास घ्यायला, कुणी नुसतं मन मोकळं करायला. लक्ष्मीबाईंकडे माणसं जेवायला येत, आणि त्यांचं बरंचसं काम तिथूनच वाढत गेलं.

‘स्मृतिचित्रे’ गावच्या वाचनालयात बहुधा असेलच. सगळं एका बैठकीत वाचायला सवड कुणाला? टिळकांकडे परतल्यानंतरचे दिवस, एकाच घरातल्या दोन चुली, तेवढी पानं आधी काढा. आणि दुपारी अडीच वाजता वाचायला बसलात, तर चारचं दूध घ्यायला मुलाला पाठवा.