शाळा-कुटुंब भागीदारी आणि माता गट

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २१ नुसार, विनाअनुदानित शाळा वगळता, शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. तथापि समितीतील स्थान म्हणजे सहभाग नव्हे. पुष्कळदा तो इतिवृत्तावरील स्वाक्षरीपुरताच उरतो. या दृष्टीने महाराष्ट्रात २०२२ मध्ये राबविलेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानातील माता गट लक्षणीय ठरतात. पहिलीत दाखल होणाऱ्या बालकांच्या माता वस्तीतच एकत्र येऊन मोजणी, वर्गीकरण, गोष्ट सांगणे अशा कृती समजून घेतात व त्या घरी मुलांकडून करवून घेतात. अक्षरओळख नसलेली माताही येथे मागे राहत नाही. कार्डावरील मजकूर शेजारीण वाचून दाखवू शकते, आणि भांडी लहान-मोठी लावण्यास अक्षर लागतेच असे नाही. मात्र बैठक शाळेच्या सोयीने दुपारी ठेवल्यास मजुरीवर जाणारी माताच नेमकी वगळली जाते.