एकाच परसात दोन तऱ्हांचं दूध

धर्मापुरीला लोक येतात ते केदारेश्वराचं मंदिर आणि किल्ला पाहायला. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी आधी मागच्या परसात नेते. सकाळी शेवग्याखाली पाखडून उरलेली ज्वारी टाकलेली असते आणि खारीची, होल्याची पिल्लं एकाच वेळी तिच्यावर उतरलेली असतात.

होल्याचं पिल्लू मानेवरून ओळखावं. थोरल्या होल्याच्या गळ्याशी तांबूस-काळ्या ठिपक्यांची पट्टी असते. पिल्लाची मान कोरी. पुढ्यात दाणे पडलेले असले तरी ते पंख थरथरवत आईबापामागे धावतं आणि आपली चोच त्यांच्या तोंडात खुपसतं. चिमणी पिल्लाच्या तोंडात घास घालते, इथं पिल्लूच आईबापाच्या घशातून घास काढून घेतं. अंड्यातून निघाल्यावर पहिले काही दिवस तर त्याला मिळतं ते दूधच. आईबापाच्या घशाखालच्या अन्नपिशवीचं अस्तर जाड होतं, त्याच्या पेशी सुटतात आणि ओल्या पनीरासारखा, प्रथिनं आणि स्निग्धांशानं भरलेला घट्ट पदार्थ तयार होतो. तो बापालाही येतो! मला सगळ्यात अप्रूप याचं. खारीच्या अंगात दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरकच होल्याच्या नरातही हे काम करतं.

म्हणून तर होल्याचं आमच्या दुष्काळी मुलखात निभतं. चिमणीला पिल्लांसाठी अळ्या-किडे शोधावे लागतात. होला कोरडे दाणे खाऊन पिल्लं वाढवतो, त्यामुळे बालाघाटावरचं गवत करपलेलं असतानाही त्याचं घरटं नांदतं. घरटं कसलं, खालून अंडी दिसावीत अशा विरळ काड्या. अंडी दोन. साधारण दोन आठवडे उबवण, आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत पिल्लू उडतं.

खारीचा संसार एकटीचा. नर पिल्लांकडे फिरकत नाही. काथ्या, कापूस, चिंध्या ओढून ती उबदार घरटं करते. पिल्लं जन्मतात डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली, आणि दूध पुरतं सुटायला दोन महिन्यांहून जास्त लागतात. परसात नवं आलेलं पिल्लू भुईमुगाची शेंग पुढच्या पायांत धरतं, ती निसटते, ते पुन्हा धरतं. शेंग फिरवत नेमकी कुठं कुरतडायची हे त्याला हळूहळू उमगतं. होल्याला ही खटपट नाही. दाणा सबंध गिळायचा, सोबत बारीक खडे टिपायचे. पोटातली पेषणी तो दळते.

पाहुण्यांना हा सलोखा वाटतो. पण खार संधी मिळाली तर होल्याची अंडी खाते आणि घरट्यापाशी आलेल्या खारीला होला पंखांनी झोडपतो. ज्वारीवर मात्र दोघांना एकमेकांचा उपयोग होतो. मांजर दिसलं की खार शेपटी झटकत चिकचिकाट करते आणि होले भुर्रकन उडतात.

दाण्यांपेक्षा पाणी महत्त्वाचं, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. कोरडं खाणाऱ्या होल्याला रोज पाणी लागतंच. तो चोच बुडवून, मान वर न करता ते ओढून पितो. मातीचं पसरट परळ मोकळ्यावर ठेवावं, झुडपाला लागून नको, तिथं मांजर दबा धरतं. ते रोज घासावं. माझ्या नातीला फरसाण टाकायचं असतं. मीठ-तेलाचं त्यांना घालू देत नाही.

पिसं फुटलेलं होल्याचं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते टाकलेलं आहे असं समजू नये. घरात आणून चमच्यानं पाणी पाजलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं. मांजर हाकलावं, पिल्लाला जवळच्या फांदीवर बसवावं आणि लांब जावं. आईबाप जवळपास असतात आणि तिथंच येऊन भरवतात.